चुकीच्या पासवर्डाचा पाहुणचार

दाराचं खरं काम उघडणं हे आहे. नुसतं बंद राहायला भिंतसुद्धा पुरते. हे सत्य प्रथम साहेबांच्या लक्षात आलं, आणि साहेबांच्या लक्षात एखादी गोष्ट आली की तिचं धोरण होतं.

साहेबांची कंपनी लोकांची कागदपत्रं सांभाळणारी वेबसाइट चालवते. मृत्युपत्रं, गुणपत्रिका, दातांचे एक्स-रे, भांडणानंतरही पुसून टाकवले नाहीत असे फोटो, सगळं ज्याच्या त्याच्या ‘कपाटा’त. कपाट उघडायला मोबाइल नंबर आणि पासवर्ड. हे लॉगिन धड चालतं की नाही ते रोज बघायचं काम चाचणीवालीचं. ती हुशार असल्यामुळे आळशी होती (या धंद्यात हे दोन गुण जोडीनेच भरती होतात). तिने एक प्रोग्रॅम लिहिला. तो आपणहून ब्राउझर उघडायचा, नंबर टाकायचा, पासवर्ड टाकायचा, बटण दाबायचा. दहा वेळा बरोबर पासवर्ड टाकून आत जायचा. अकराव्यांदा मुद्दाम चुकीचा टाकायचा, आणि दाराने हाकलून दिलं की समाधानाने हिरवी खूण करायचा.

चाचणीवालीची नोकरी मात्र तात्पुरती. महिनाअखेर ती कायम होणार की तिला नारळ मिळणार, हे साहेबांच्या मर्जीवर होतं. आणि साहेब नेमके स्वागतकक्षातल्या मोठ्या पडद्यापुढे थांबले. पाहुण्यांवर छाप पडावी म्हणून तिथे या चाचण्या दिवसभर दाखवल्या जात.

“हे काय? ‘पासवर्ड चुकीचा आहे’? आपलाच प्रोग्रॅम, आपलंच दार, आणि पाहुण्यांदेखत अपमान?”

“सर, तो मुद्दाम चुकीचा टाकतो.”

“मुद्दाम? कोणाच्या परवानगीने?”

“दार नाही म्हणतंय ना, तेच बघायचं असतं सर.”

“नाही म्हणायला आपण काय मुलाकडचे आहोत? महिनाभर या पडद्यावर एकही नकार दिसता कामा नये. मग तुमच्या कायम होण्याचं बघू.”

ती दारवाल्याकडे गेली. (लॉगिन ज्याने लिहिलं त्याला ऑफिसात दारवाला म्हणत.) “माझ्या प्रोग्रॅमपुरतं तेवढं दार सैल कर ना रे.” एकट्यासाठी वेगळी सोय करायची म्हणजे दिवसभराचं काम. सगळ्यांसाठी करायची म्हणजे ‘पासवर्ड जुळला तरच’ ही एक अट खोडायची. दारवाल्याने जांभई पुरी व्हायच्या आत ती खोडली, आणि सांगायचं राहून गेलं.

परिणाम डोळे दिपवणारे होते. ‘पासवर्ड विसरलो’ या तक्रारी शून्यावर आल्या. समाधानी ग्राहक सत्त्याण्णव टक्के (उरलेल्या तीन टक्क्यांना विचारायचं राहिलं). एका निवृत्त मास्तरांनी स्मरणशक्ती परत आल्याबद्दल कंपनीचे आभार मानले आणि औषध बंद केलं.

मग एक दिवस चाचणीवालीला तिच्या आत्याचा फोन आला.

“अगं, तुमचं कपाट शहाणं झालं! पासवर्ड आठवेना म्हणून वैतागून ‘उघड ना मेल्या’ असं टाकलं, तर उघडलं!”

“आत्या, चेष्टा पुरे.”

“चेष्टा कसली? पुढचं ऐक. परवा नंबरातला एक आकडा चुकला, तर दुसऱ्याच कुणाचं उघडलं. काय तो पसारा! मृत्युपत्राला नाव काय, तर ‘नवीन नवीन दोन’. माझे हात शिवशिवायला लागले. आवरून ठेवलं सगळं.”

“दुसऱ्याचं कपाट आवरलंस?”

“एकच कुठे गं? सवय लागली आता.”

चाचणीवालीच्या कायमपणाचं पत्र साहेबांच्या टेबलावर सहीला पडलं होतं. तोंड उघडावं तर नोकरी जाणार. मिटावं तर अख्ख्या गावाची कपाटं उघडी. शेवटी ती साहेबांच्या खोलीत गेली, त्यांच्याच संगणकावर त्यांचा नंबर टाकला, पासवर्ड म्हणून ‘काहीही’ लिहिलं आणि बटण दाबलं.

कपाट उघडलं. साहेबांचं तोंडही उघडलं. आत साहेबांच्या नाचाच्या शिकवणीचे व्हिडिओ होते. (तारखेप्रमाणे लावलेले. साहेबांनी ते कधीच लावले नव्हते.)

“हे कोणालाही उघडतं?”

“कोणालाही, सर.”

साहेब घाईने व्हिडिओ बंद करून विचाराला लागले. त्यांच्या विचारातून नेहमी एखादं नवीन खातं निघतं. दुसऱ्या दिवशी ‘नकार प्लस’ योजना जाहीर झाली: माफक वार्षिक वर्गणी भरा, चुकीचा पासवर्ड टाकणाऱ्याला तुमचं कपाट उघडणार नाही. पहिले सभासद खुद्द साहेब. चाचणीवाली कायम झाली, तीही नकार विभागाची प्रमुख म्हणून. दारवाल्याने खोडलेली अट सभासदांपुरती परत घातली (तीन जांभया लागल्या). बाकीच्यांना कळवून उगाच घाबरवू नये असं ठरलं.

तुमचंही तिथे कपाट आहेच. आज सकाळी पासवर्ड पहिल्या झटक्यात लागला, म्हणून स्वतःवर केवढे खूश झाला होतात! शंका आलीच तर एकदा मुद्दाम चुकीचा टाकून बघा. आजवर कुठल्याच ग्राहकाने मुद्दाम तसं करून बघितलेलं नाही.

तोवर आत्याबाईंचा निरोप: वरचे दोन कप्पे झाले, तिसऱ्याला जरा वेळ लागेल. आणि तो फोटो तुम्ही अजून का ठेवलाय, असं त्या विचारत होत्या.