न पाहिलेल्या चित्रपटाचे अभ्यासक

चित्रपटाची थोरवी तो न पाहिलेल्यांच्या संख्येवर ठरते. या कसोटीवर 'शनीवरचा जावई' हा विज्ञानपट अजोड आहे. चाळीसेक वर्षांपूर्वी तो जवळच्या भाजे गावच्या माळावर चित्रित झाला, लोणावळ्यात आठवडाभरही चालला नाही आणि नंतर त्याची प्रतच हरवली. (प्रत हरवल्याखेरीज अभिजात होता येत नाही.)

आमच्या लोणावळ्याच्या अभ्यासमंडळाने त्यावर निबंधांचा जाडजूड ग्रंथ काढला. चित्रपट पाहिलेले सदस्य एकच, निवृत्त प्राध्यापक केशवराव. त्यांचा 'मध्यांतरानंतरचा काळोख' हा निबंध सर्वमान्य आहे. पडदा बराच वेळ काळा राहतो, त्यात विश्वाचं मौन आहे, असं ते म्हणतात. बाकीच्यांनी त्या निबंधावर निबंध लिहिले.

अशात केशवरावांची सून अपूर्वा हिला तळेगावच्या एका बंद थेटराच्या अडगळीत प्रत सापडली आणि तिने ती संगणकावरही उतरवून घेतली. मंडळाला धक्का बसला. पण नाइलाजाने कुसगावच्या एका हॉटेलात खेळ ठेवावा लागला.

पहिल्या रांगेत भाज्याच्या मुक्ताबाई येऊन बसल्या.

"आमचं मालक हायत यात," त्या म्हणाल्या. "नथू. त्यो शनीवरचा मानूस त्येच. जाऊन लय वर्सं झाली. घरात फोटू बी न्हाई."

"मावशी, त्याचं शिरस्त्राण शेवटपर्यंत निघत नाही," अध्यक्षांनी समजावलं. "चेहरा नसणं हीच आधुनिक माणसाची शोकांतिका."

"आसू द्या. बगते."

मध्यांतर झालं. चित्रपट पुढे सरकला, तसा लख्ख उजेडात सरकतच राहिला. केशवराव उभे राहिले.

"काळोख कुठंय?"

"बाबा," अपूर्वा हळूच म्हणाली, "तेव्हा लाइट गेली असेल."

सभागृहात विश्वाचं मौन पसरलं. तेवढ्यात पडद्यावरचा पत्र्याच्या डोक्याचा परग्रहवासी बांधाला अडखळून पालथा पडला. मुक्ताबाई हसता हसता रडायला लागल्या.

"त्येच! खाली बगून कंदी चाललंच न्हाईत! ए पोरी, पुन्यांदा लाव की."

मंडळाने तातडीची बैठक घेऊन एकमताने ठरवलं: सापडलेल्या प्रतीत काळोख नाही, सबब ती बनावट आहे. ती कुलपात ठेवावी. मुक्ताबाईंची विनंती फेटाळण्यात आली. (त्या चित्रपट निव्वळ बघतात, असं आढळलं.) केशवराव मत द्यायला थांबले नाहीत. ते बाहेर व्हरांड्यात मुक्ताबाईंशेजारी बसले होते. अपूर्वा मावशींच्या मोबाईलमध्ये चित्रपट भरून देत होती, आणि केशवराव विचारत होते, "नथूभाऊ पडले, तो भाग परत दाखवता?"

त्यांचं सदस्यत्व रद्द झालं असून एक जागा रिकामी आहे. उमेदवाराने चित्रपट पाहिलेला नसावा, मात्र त्याबद्दल त्याचं ठाम मत असावं. वाचकहो, तसं मत आपलं एव्हाना झालंच आहे. तेव्हा अर्ज करायची गरज नाही, आपलं नाव आम्ही घालून टाकलं आहे.