वडगावचे बाकडे-विमान

१९४३ साली आमच्या वडगावच्या शाळेत बिगरीच्या वर्गाने विमान बांधले. बाकडे उलटे करून दोन सुपांचे पंख लावले, पुढे सूत गुंडाळायच्या रहाटाचे चाक. विणकर तम्मण्णाची सहा वर्षांची अंजनी ते चालवायची. तोंडाने असा आवाज काढायची की शेजारी मागावर बसलेल्या बाया वर बघायच्या. विमान वाऱ्याकडे तोंड करूनच का चढवतात, हे मुलांना वर्गाच्या मालुबाईंनी या बाकड्यावरच शिकवले.

युद्धाचे दिवस होते. शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी विचारले, "विमानाचा परवाना?"

मालुबाई हसल्या. हसण्याची नोंद झाली.

आठवड्याने पत्र आले: विनापरवाना विमान बाळगल्याचा खुलासा करावा. बाईंनी लिहिले, सदर विमान उडत नाही. उत्तर आले: उडत नसल्यास ते नादुरुस्त समजण्यात येत आहे; चालकाची चौकशी होईल.

चौकशीला कारकून आण्णाप्पा आला. "कुठं कुठं गेलतीस गं?"

"काल आमी कराचीला गेलतो."

"पोचला?"

"न्हाय. सुट्टीची घंटा झाली."

आण्णाप्पाने लिहिले: विमान वाटेत उतरवले, ठिकाण अज्ञात.

चालक अल्पवयीन म्हणून विमान जप्त झाले. ते हलवण्याचा हुकूम मात्र नव्हता, म्हणून मुलांना हलवले. मुले व्हरांड्यात पाढे म्हणू लागली आणि वर्गात तीन साहेब चाचणी घेऊ लागले. एक आवाज काढी, दुसरा रहाट फिरवी, तिसरा उंची लिही.

चौथ्या दिवशी अंजनी आत घुसली. "साहेब, चढताना आवाज जाड काढायचा!"

तिला दंडाला धरून बाहेर काढले. ती रडत बाईंना म्हणाली, "बाई, ते आमचाच खेळ खेळत्यात."

"खेळत न्हाईत गं," बाई तिचे डोळे पुसत म्हणाल्या, "काम करत्यात."

पहिल्या अधिकृत उड्डाणासाठी बाकडे पटांगणात आणले. सगळे वडगाव जमले. साहेबांनी आवाज काढला; जाड काढला. तिसऱ्या साहेबांनी जाहीर केले, "उंची दोन हजार फूट!"

बाकडे आमच्या पायांशी होते. आम्ही सगळ्यांनी माना वर केल्या.

"दिसतंय का रं?" शेजारच्या जोतिबाने विचारले.

"व्हय," मी म्हणालो, "पण लई बारीक."

तुम्ही शेजारी असता, तर ढगाआड गेले म्हणाला असता.