पुजलेल्याला हात लावायचा नाही

कुंकवाचा करंडा.

लिफ्टजवळचं, वर छप्पर असलेलं, पार्किंग नंबर सात.

दोन हातांची खुर्ची.

लॉबीतल्या कॅमेऱ्यांचे लाल दिवे. चोरालाही वाटावं, कोणीतरी जागं आहे.

फडक्यात टांगलेला चक्का.

"उपयोग काय याचा?"

यातलं शेवटचं आधी घेऊ, कारण तो प्रश्न रुचानं विचारला होता आणि रुचाच्या प्रश्नाला त्या घरात कोणी उत्तर दिल्याशिवाय सुटत नसे. पुष्करनं म्हणजे तिच्या नवऱ्यानं टीव्हीला जोडलेल्या गेमच्या डब्यासाठी कॅमेरा आणला होता. साबणाच्या वडीएवढा, टीव्हीच्या डोक्यावर बसणारा, एका डोळ्याचा. पुष्कर उत्साहानं समजावू लागला. तो चेहरा ओळखतो, हात हलवला की कळतं त्याला, शिवाय आपण खेळत असताना कोपऱ्यात आपलं तोंड लाईव्ह दिसतं, जगात कुठेही.

"तुझं तोंड बघायला कोण बसलंय?" रुचा म्हणाली.

अण्णांनी पेपरमागून दाद दिली. सुनेशी त्यांचं एकमत फार क्वचित व्हायचं.

पण अण्णांचं लक्ष त्यात नव्हतं. दसरा दोन दिवसांवर होता आणि त्यानंतरच्या रविवारी सोसायटीची निवडणूक. परळच्या त्यांच्या चाळीच्या जागी टॉवर उभा राहिला, चाळकरी त्यात राहायला आले, आणि तेव्हापासून अध्यक्षपदावर तुळशीदास बसला होता. सोसायटीच्या ऑफिसात हातांची खुर्ची एकच. अण्णांची सगळी नोकरी कॉटन ग्रीनच्या एका गोदामाच्या ऑफिसात, बिनहातांच्या खुर्चीवर गेली. समोरच्या हातांच्या खुर्चीत साहेब बदलत गेले. अण्णांच्या हाताखाली शिकलेलीही दोन पोरं त्या खुर्चीत बसून गेली. अण्णांना पैसा नको होता, मान तर त्याहून नको होता, असं ते स्वतःच सांगत. त्यांना फक्त एकदा दोन्ही कोपरं टेकवून बसायचं होतं.

दसऱ्याला सकाळी पुष्करनं खालच्या मजल्यावरच्या कल्पेशला दाखवण्यासाठी लाईव्ह सुरू केलं. तेवढ्यात त्याची आई, म्हणजे नलू, पूजेचं ताट घेऊन आली. शस्त्रपूजा. त्या घरात तलवार कधीच नव्हती, म्हणून ज्यावर घर चालतं ते सगळं पुजलं जाई: विळी, मिक्सर, अण्णांचं पेन, रुचाचा लॅपटॉप. तिनं रिमोटनं टीव्ही बंद केला, डब्याला हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. कॅमेऱ्यालाही लावलं, वर कपाळ असतं तिथे, आणि त्याच्या डोक्यावरून झेंडूची माळ सोडली.

"आई, एक मिनिट, डबा बंद करतो."

"झाली पूजा. आता पुजलेल्याला हात लावायचा नाही. उद्या उत्तरपूजा झाली की काय ते बंद कर."

पुष्करला वाटलं, कोणी खेळत नाही म्हटल्यावर डबा आपोआप झोपेल. तो आणि रुचा गिरगावला तिच्या माहेरी जेवायला गेले. डबा झोपला नाही. त्याला बिचाऱ्याला वाटलं असेल, आपली पूजा झालीय, आज ड्युटी लागलीय.

बराच वेळ कोणी बघत नव्हतं. मग कल्पेशनं जेवताना सहज फोन उघडला. झेंडूच्या दोन फुलांच्या मधोमध अण्णांचा हॉल. अण्णा एकटेच, झब्ब्यात. बंद टीव्हीच्या काळ्या काचेसमोर उभे राहून ते बोलत होते, "बंधू आणि भगिनींनो, ही खुर्ची माझी नाही." मग खाली बसले, सोफ्यावर दोन्ही बाजूंना एकेक उशी ठेवली, त्यांवर कोपरं टेकवली आणि डोळे मिटले.

कल्पेशच्या हातातला घास हातात राहिला. त्यानं लिंक सोसायटीच्या ग्रुपवर टाकली.

दुसरा मजला: हे अण्णा का?

सातवा मजला: कुठलं चॅनल आहे?

सोनं द्यायला लोक संध्याकाळी येतात. निवडणूक असली की दुपारीच येतात. पहिल्या आल्या पाचव्या मजल्यावरच्या कमलाबाई. अण्णांच्या हातावर आपट्याची पानं ठेवली, श्रीखंड नको नको म्हणत दोन वाट्या खाल्लं, आणि मुलाच्या नव्या गाडीवर कबुतरं काय काय करतात ते सविस्तर सांगितलं. सात नंबरचे मूळ मालक फ्लॅट विकून गेले होते, ती जागा कोणाला द्यायची हे नवीन कमिटी ठरवणार होती. अण्णा पुढे झुकले.

"कमलाताई, सात नंबर तुमचाच समजा. फक्त बाहेर बोलू नका."

कमलाबाई गेल्या. मग रमाकांत आला. हा परळच्या जुन्या चाळीतलाच शेजारी, चार पिढ्या मुंबईत काढूनही बोलणं मालवणीच.

"अण्णानु, झिलान गाडी घेतल्यान. आता ठेवतलंय खंय?"

"सात नंबर आहे ना. तुझाच तो. पण भिंतींनाही कान असतात, रमाकांत."

भिंतीचं माहीत नाही, भिंतीवरच्या टीव्हीला होता. रमाकांत लिफ्टनं खाली पोचायच्या आत कमलाबाईंनी त्याला लॉबीत गाठलं. त्यांच्या हातात फोन होता. दोघं एकमेकांकडे बघत राहिले आणि मग, राग बाजूला ठेवून, पुढचं बघायला त्याच बाकावर बसले.

आत नलू वाट्या उचलत होती. "अहो, सात नंबर एकच आहे ना?"

"हं."

"मग गाड्या काय एकावर एक रचणार?"

"राजकारण आहे ते. तुला नाही कळायचं."

"मला बेरीज कळते. तोंडावर नाही म्हणायला काय जातं? श्रीखंड संपलं की मी सांगतेच ना, संपलं म्हणून."

आठवा मजला: काकू 🙏

दुसरा मजला: काकू राइट बोलतायत

पुष्करचा फोन आला तेव्हा नलू स्वयंपाकघरात होती. ग्रुप बघून तो इतका भेदरला होता की आईऐवजी दोनदा चुकून सासूलाच फोन लावून झाला होता.

"आई, डबा बंद कर. आत्ताच्या आत्ता. भिंतीवरचं मोठं बटण."

"पुजलाय रे तो. सणाच्या दिवशी कसं..."

"अगं, आपला हॉल दिसतोय लोकांना. सगळ्या बिल्डिंगला. आवाजासकट."

नलूनं हळू आवाजात विचारलं, "सोफ्यावरची चादर नीट आहे का?"

"आई!"

"बरं बरं. यांना सांगते. हात मी लावणार नाही, घरातल्या कर्त्या पुरुषानं काय ते ठरवावं."

ती बाहेर आली तर कर्त्या पुरुषासमोर तुळशीदास बसला होता. साक्षात विद्यमान अध्यक्ष, हातात आपट्याची पानं, चेहऱ्यावर ते हसू. नलूनं डोळ्यांनी टीव्हीकडे खूण केली. अण्णांनी तिला हातानं आत जायची खूण केली. तिनं पदर सारखा केला, खोकली, कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं. अण्णांना वाटलं, माळ वाकडी झालीय म्हणतेय. त्यांनी उठून माळ सरळ केली. त्यासरशी इमारतीतल्या फोनांवर अण्णांचा पंजा भरून राहिला आणि गेला.

"अण्णा, माघार घ्या," तुळशीदास म्हणाला. "खजिनदार करतो तुम्हाला."

अण्णांनी राखून ठेवलेला हुकमाचा पत्ता काढला. रविवारच्या सभेत ते लॉबीतल्या कॅमेऱ्यांचं फुटेज मागणार होते. जिन्यात रात्री कचरा कोण टाकतं ते सगळ्यांसमोर दाखवा म्हणणार होते, आणि तो तुळशीदासचा मेव्हणा निघणार याची त्यांना खात्री होती.

तुळशीदास हसला. आधी गालात, मग पोट धरून.

"फुटेज? अहो, आत वायरच नाही. नुसती कवचं आहेत. लाल दिवा सेलवर लागतो, महिन्यानं मीच बदलतो."

अण्णांचा आ वासलेला राहिला. सगळ्यांनी वर्गणी काढून बसवलेले कॅमेरे ते. त्यांच्या जिवावर माणसं कुलूप न लावता गावाला जात होती.

"पण चोऱ्या थांबल्या का नाही?" तुळशीदास म्हणाला. "कॅमेरा असावा लागत नाही अण्णा, आहे असं वाटावं लागतं." आणि त्यानं टीव्हीवरच्या झेंडूकडे मान केली. "तुमच्याकडे पण बसवलाय की तसलाच. डमी ना?"

"पोराचं खेळणं आहे. काही उपयोग नाही त्याचा."

अण्णांच्या मनात काय झालं असेल ते नलूला पुढे कित्येक दिवस कळलं नाही, पण त्या क्षणी त्यांचा हात सोफ्यावरच्या उशीवर होता. त्यांनी ती हळूच कोपराखाली ओढली.

"असं करू तुळशीदास. तुम्ही उभे राहू नका. मी ऐकलं नाही असं समजतो."

नलूनं डोळ्यांना पदर लावला. रडू नव्हतं, बघवत नव्हतं.

तुळशीदासचा फोन किणकिणला. परत किणकिणला. मग थांबेचना. त्यानं वैतागून तो काढला, उघडला, आणि हॉलमध्ये एक ओळखीचा आवाज घुमला. लाईव्ह म्हटलं तरी ते जरासं मागून चालत असतं.

"नुसती कवचं आहेत," फोनमधला तुळशीदास म्हणाला.

हॉलमधला तुळशीदास फोनकडे बघत राहिला. त्यात एक सोफा होता, सोफ्यावर तो होता, आणि पोट धरून हसत होता. वर झेंडूची माळ होती. अण्णाही वाकून बघू लागले. फोनमधले अण्णा म्हणाले, "काही उपयोग नाही त्याचा." मग फोनमधल्या अण्णांनी उशी ओढली.

दोघांनी एकाच वेळी मान वर करून टीव्हीकडे पाहिलं. एक डोळा. वर कुंकू.

अण्णांचा चेहरा पांढरा पडला. ते उठले, कॅमेऱ्याकडे हात नेला आणि मध्येच थांबवला. आयुष्यभराची सवय. नलूकडे बघून त्यांनी विचारलं, "हात लावू का?"

"आता काय राहिलंय," नलू म्हणाली आणि भिंतीवरचं बटण स्वतः दाबलं.

खालून, लॉबीतून, बऱ्याच माणसांचा एकदम "अरे" असा आवाज आला, सामन्यात लाईट गेली की येतो तसा.

रविवारची सभा गच्चीवर भरली. इतकी गर्दी सोसायटीच्या सभेला कधी झाली नव्हती. तुळशीदास मागच्या रांगेत, अण्णा त्याच्याही मागे. अध्यक्षपदासाठी नाव सुचवा म्हटल्यावर कोणी बोलेना. शेवटी कल्पेश उभा राहिला आणि म्हणाला की तोंडावर एक आणि मागे एक न बोलणारं माणूस त्यानं अख्ख्या दसऱ्यात एकच पाहिलं. रमाकांत आणि कमलाबाई दोघांनी अनुमोदन दिलं, आणि नंतर त्यावरून भांडले की आधी कोणी दिलं.

नलूनं आधी घरी कुकर लावलाय असं सांगून बघितलं. कोणी ऐकलं नाही. मग ती पदर खोचून पुढे गेली आणि ऑफिसातून वर आणलेल्या हातांच्या खुर्चीत बसली. सात नंबर कोणालाही मिळणार नाही, तिथे लहान मुलांच्या सायकली राहतील, लॉबीत वायरवाले कॅमेरे बसतील. श्रीखंड संपलं की संपलं, त्याच आवाजात तिनं सांगितलं. पुष्करकडे बघत रुचा म्हणाली की चल, उपयोग झाला एकदाचा.

"इतिवृत्त कोण लिहिणार?" नलूनं विचारलं.

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. अण्णांनी खिशातून दसऱ्याला पुजलेलं पेन काढलं आणि पुढे जाऊन बसले. बिनहातांची खुर्ची होती. अक्षर सुंदर होतं त्यांचं. सभा उठल्यावर नलू म्हणाली, "अहो, जरा इथे बसून बघा, ही खुर्ची फार खोल आहे, माझे पाय टेकत नाहीत." अण्णा बसले. दोन्ही कोपरं टेकवली. गच्चीवर तेव्हा दुसरं कोणी नव्हतं आणि कॅमेराही नव्हता.

दसऱ्याच्या सकाळी नलूचं कुंकवाचं बोट आधी थेट कॅमेऱ्याच्या काचेवरच जाणार होतं, पण डोळ्यात जाईल म्हणून तिनं ते जरासं वर सरकवलं.