खांदा बघतात

उस्मानमास्तर मला गेली पन्नास वर्षं ‘बत्तीस’ म्हणतात. माझं नाव अविनाश आहे हे त्यांना ठाऊक आहे. माझ्या लग्नाच्या पत्रिकेत त्यांनी ते वाचलंय. पण इंटरव्ह्यूच्या वेळी माझी छाती बत्तीस इंच भरली होती, तेवढीच माझी ओळख. आज पोट चव्वेचाळीसच्या पुढे गेलं, केस गेले, बँकेतून निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली, तरी मास्तरांच्या लेखी मी बत्तीसच. नाही म्हणायला एक फरक पडला. नोकरी लागायच्या आधी ते ‘अरे बत्तीस’ म्हणायचे, आणि नेमणुकीचं पत्र आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून ‘अहो बत्तीस’ म्हणू लागले.

कसबा पेठेत आमच्या घरासमोर मास्तरांचं शिलाईचं दुकान आहे. दुकान म्हणजे दोन मशिनं, एक बाक, एक इस्त्री, आणि चौथा माणूस आला तर पहिल्यानं बाहेर जायचं. मशिनमागच्या खुंटीवर मलमलीच्या पिशवीत एक काळा कोट असतो. तो विकायचा नाही. पेठेतल्या ज्या मुलाला मुलाखतीचं बोलावणं येईल त्यानं यायचं, माप द्यायचं, मास्तर कोट त्याच्या अंगाबरोबर करून देणार, आणि मुलाखत झाली की कोट परत खुंटीवर. शिंपी शिलाईच्या आत जे जादा कापड राखून ठेवतात त्याला माया म्हणतात. ती या कोटात इतकी होती की तालमीतला पैलवानही मावावा. बाजू उसवायच्या, आत घ्यायच्या, बाह्या चढवायच्या, उतरवायच्या. खांद्याला मात्र मास्तर कात्री लावत नसत. खांदा उसवला की कोट मेला, असं त्यांचं मत. ज्याचे खांदे अपुरे पडतील त्याच्यासाठी आत कापूस. माझ्या खांद्यांत भरपूर कापूस होता.

कोट चढवून झाला की मास्तर चार पावलं मागे जात, म्हणजे रस्त्यावर जात, आणि तिथून म्हणत, “खांदा बघतात, बाकी नशीब.”

माझ्या मुलाखतीच्या दिवशी हा कोट दोघांना हवा होता. सकाळी दहाला ‘साडेअडतीस’ आणि दुपारी एकला मी, आणि तेही एकाच बँकेत. साडेअडतीस मुलाखत देऊन सायकलवरून घामाघूम आला, मास्तरांनी अर्ध्या तासात कच्च्या टाक्यांनी बाजू आत घेतल्या, आणि तीच सायकल घेऊन मी निघालो. मुलाखत घेणारे साहेब अस्सल पुणेकर होते. चष्म्यावरून बघत म्हणाले, “हा कोट सकाळी येऊन गेला. कोटाला आम्ही घेतलेलं आहे. आत कोण येणार ते तुम्ही आपसांत ठरवा.” पुढे दोघांनाही घेतलं, म्हणून ही गोष्ट हसत सांगता येते.

कोणत्या नोकरीचा भाव चढला आणि कोणत्या नोकरीचा उतरला, हे मास्तर वर्तमानपत्र न वाचता सांगत. त्यांचा सगळा अभ्यास कोटावरून. आधी सरकारी कारकून आले. ते पेनसाठी खिसा नीट आहे ना, एवढंच बघत. मग आमची बँकवाल्यांची पिढी आली. बँक म्हटल्यावर मुलीचे वडील पत्रिकासुद्धा बाजूला ठेवत, हे मी स्वानुभवानं सांगतो. मग पिंपरीकडच्या कारखान्यांचे इंजिनिअर, त्यांना कोपरात ढिला हवा. औषधं विकणारे प्रतिनिधी कोट आठ-आठ दिवस परत करत नसत, त्यांना मास्तर मनापासून नावं ठेवत. मग कॉम्प्युटरची मुलं आली, आणि पाठोपाठ कोट मागणं बंद झालं. माझ्या मुलानं पहिली नोकरी आमच्या गॅलरीत उभं राहून, अर्ध्या चड्डीत, फोनवर मिळवली. हे कळल्यावर मास्तर दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. चड्डीत मिळालेली नोकरी टिकत नाही, असं त्यांनी तिसऱ्या दिवशी सांगितलं. मुलाची नोकरी टिकली, पण ते मी त्यांना कधी ऐकवलं नाही.

या सगळ्या यादीत शिंपी कुठे, असं मी एकदा विचारलं होतं. “यादी कोट घालणाऱ्यांची असते, शिवणाऱ्यांची कशाला?” ते म्हणाले. स्वतःच्या मुलाला, सलीमला, त्यांनी मशिनपाशी बसू दिलं नाही. शर्टचं बटण तुटलं तर तो आईकडे जायचा. डिप्लोमा करून तो हडपसरच्या एका कारखान्यात लागला, तेव्हा मास्तरांनी अख्ख्या गल्लीला सांगितलं की घरातली सुई सुटली.

आणखी एक गंमत माझ्या फार उशिरा लक्षात आली. मास्तरांचे बत्तीस होते, छत्तीस होते, साडेअडतीस होते. चौतीस कुणीच नव्हता. बरोबर चौतीस छातीचा मुलगा आला तर त्याला ते ‘सव्वाचौतीस’ म्हणत. मुळात हा कोट कुणासाठी बेतला होता, असं विचारलं तर एकच उत्तर मिळे. चौतीसचं गिऱ्हाईक होतं, न्यायला आलंच नाही.

सलीमची मुलगी नाझनीन कॉम्प्युटर इंजिनिअर झाली तेव्हा मास्तर ऐंशीच्या पुढे होते आणि फक्त काजं करत होते. नातीचा निकाल त्यांनी पोस्टमनलाही थांबवून सांगितला. आणि मग एका रविवारी नाझनीननं जाहीर केलं की तिला व्हिडिओ गेममधल्या माणसांचे कपडे करायचे आहेत. चालताना, पळताना, बसताना कापड अंगावर कसं पडेल, ते कॉम्प्युटरवर घडवायचं. तशी कामं करणारी एक कंपनी होती, आणि तिथे तिनं अर्ज केला होता.

मास्तरांनी तिच्याशी बोलणं टाकलं. तीन पिढ्या लागल्या सुई सोडायला, आणि ही इंजिनिअर होऊन परत शिंपीण होणार, तेही जी माणसं मुळात नाहीत त्यांची, हे त्यांना सोसवेना. नाझनीन वरकरणी हसायची, पण एकदा माझ्या बायकोपाशी रडली. बडे अब्बा नाही म्हणाले तर मी मुलाखत देणार नाही, असं तिनं ठरवलं होतं. आजोबांना ती बडे अब्बा म्हणते, आणि त्यांच्याशिवाय तिचं पान हलत नाही. पंधरा दिवस दोघांचा संवाद माझ्यामार्फत चालला. ती समोर बाकावर बसलेली असायची आणि मास्तर मला म्हणायचे, “अहो बत्तीस, तिला सांगा, चहा गार होतोय.”

मुलाखतीच्या आदल्या दिवशी सकाळी ती लॅपटॉप घेऊन दुकानात आली आणि मला म्हणाली, “काका, तुम्ही तरी बघा.” पडद्यावर एक तरुण उभा होता, अंगात काळा कोट. हुबेहूब खुंटीवरचा. तो चालला, बसला, उठला आणि टॅक्सी थांबवावी तसा त्यानं हात वर केला. मास्तर मान खाली घालून काजं करत होते.

“बत्तीस, तिला सांगा, मुंढा खाली गेलाय,” ते म्हणाले. “हात वर केला की सगळा कोट उचलला जातोय.”

मुंढा म्हणजे बाही जिथे जोडतात तो घेर. मी निरोप सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात नाझनीननं थेट विचारलं, “कितीनं वर घेऊ, बडे अब्बा?”

“पाऊण इंच,” मास्तर म्हणाले, आणि बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण बोललो.

तिनं काहीतरी केलं. तरुणानं परत हात वर केला. कोट जागच्या जागी राहिला. मास्तर उठून पडद्याजवळ आले, चष्मा पुसला आणि तिला तो हात आणखी चार वेळा वर करायला लावला. मग विचारलं, “ह्याचं माप कोण घेतं?”

“मीच.”

“माप देताना पोट आत घेतो?”

“नाही.”

“बरं गिऱ्हाईक आहे,” मास्तर म्हणाले.

मग मुलाखत कुठे आहे ते त्यांनी विचारलं. घरूनच, लॅपटॉपवर, असं कळल्यावर त्यात किती दिसतं तेही विचारलं. नाझनीननं छातीपाशी हात धरून इथपर्यंत म्हणून दाखवलं. तिकडे कोट कुणी घालत नाही, ती टी-शर्टातच बसणार होती.

“म्हणजे खांदाच बघणार की,” मास्तर म्हणाले आणि खुंटीकडे गेले.

कोटातले जुने टाके त्यांनी एकेक करून काढले, कापूस काढला, आणि कोट नातीच्या अंगावर, कुर्त्यावरूनच, चढवला. बाजू ढगळ होत्या, बाह्या बोटांवर आल्या होत्या. पण खांदा असा बसला की मी बघत राहिलो. तो कोट मी पेठेतल्या निम्म्या मुलांच्या अंगावर पाहिला होता. कुठे ताण पडायचा, कुठे कापूस फुगायचा. इतका चपखल कधी बसलेला पाहिला नव्हता. “मास्तर, खांद्याला काहीच करायला नको,” मी म्हणालो.

“नको,” ते म्हणाले. “खांदा आमच्याच घरचा आहे.”

मग त्यांनी बाही दुमडता दुमडता सांगितलं. एकोणिसाव्या वर्षी मॅट्रिक झाल्यावर त्यांना एका सरकारी कचेरीतून कारकुनाच्या मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. स्वतःच्या हातानं, स्वतःच्याच मापानं बेतलेला हा त्यांचा पहिला कोट. मुलाखतीच्या दिवशी सकाळी वडील मशिनवरच कोसळले. दुकानात लग्नसराईचे कपडे अर्धवट पडलेले. मास्तर कोट खुंटीला लावून मशिनवर बसले. आठवड्यानं दुसऱ्या कुणालातरी बोलावणं आलं, त्याच्याकडे कोट नव्हता.

एवढंच. आम्ही सगळे त्यांच्या मुलाखतीला जाऊन आपापल्या नोकऱ्या घेऊन आलो होतो, आणि पन्नास वर्षं मला वाटत होतं की मास्तर फक्त विक्षिप्त आहेत.

दुसऱ्या दिवशी नाझनीननं दुकानावरच्या त्यांच्या घरात बसून मुलाखत दिली. वर कोट, खाली पायजमा आणि स्लिपर. तासभर मास्तर आणि मी दुकानाच्या पायरीवर बसून होतो. खाली येऊन तिनं सांगितलं की त्यांनी तो हात वर करणारा तरुण तीनदा बघितला, आणि मुंढा इतका बरोबर कुणी शिकवला म्हणून विचारलं. मग तिनं काय सांगितलं, हे मास्तरांनी विचारलं नाही. तिनं तरीही सांगितलं, “म्हटलं, माझे आजोबा टेलर आहेत.”

चार दिवसांनी पत्र आलं. जन्मभर दुसऱ्यांचे पेढे खाल्लेल्या मास्तरांनी या वेळी स्वतः वाटले. हल्ली ते गिऱ्हाइकांना नातीबद्दल सांगतात. ती शिंपी आहे हे आधी, इंजिनिअर आहे हे शेवटी.

परवा चहा सांगायला मी दुकानाशी थांबलो. मास्तर काज करत होते. मी म्हणालो, “अहो चौतीस, चहा घेणार का?”

त्यांची सुई थांबली. वर न बघता ते जरा सरकले आणि बाकावर मला जागा केली.