तोटीचा मान

दुसऱ्याच्या घराला लागलेली आग विझवण्यासाठी जो हातातील काम टाकून धावतो, त्याच्या पुण्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मात्र धावताना पुढे कोण आणि मागे कोण, हा प्रश्न एकदा उपस्थित झाला की आग तिच्या वाटेने जाते आणि पुण्य त्याच्या. चाकणपलीकडच्या निंबारवाडीत हा प्रश्न उपस्थित झाला होता. ज्यांनी तो उपस्थित केला ती सर्व माणसे सज्जन होती, हे आरंभीच नमूद करणे उचित ठरेल.

निंबारवाडीच्या स्वयंसेवी अग्निशामक दलाचा जन्म एका भंगाराच्या गोदामाच्या राखेतून झाला. गोदाम पेटले तेव्हा बोलावलेला बंब चौकातल्या कंटेनरांच्या रांगेत अडकला, आणि पोहोचला तेव्हा त्याच्या पाण्याचा उपयोग जवानांना तोंड धुण्यापुरताच उरला होता. त्यानंतरच्या ग्रामसभेत बबनराव उठले. बबनराव म्हणजे कारखान्यातून निवृत्त झालेले फोरमन; गाव त्यांना नाना म्हणे. "आपली आग आपण विझवायची," एवढेच ते म्हणाले आणि गावाने ते उचलून धरले. पाणीपुरवठ्याचा जुना टँकर तांबडा रंगवला गेला, त्यावर पंप बसला, लांबलचक पाइप आला, आणि पाइपाच्या टोकाला देवघरातल्या समईसारखी झळझळीत पितळी तोटी आली.

आता कामे वाटायची होती, आणि कामे वाटण्याची गावाला एकच रीत ठाऊक होती. भैरवनाथाच्या यात्रेत पालखी एका भावकीची, काठी दुसरीची, नगारा तिसरीचा. ज्याचा जो मान त्याला दुसऱ्याने हात लावायचा नाही. त्याच धर्तीवर टँकरची किल्ली रोहिदासच्या भावकीकडे गेली, भोंगा चिमाजीच्या भावकीकडे, टँकर निघण्यापूर्वी नारळ फोडण्याचा मान नानांच्या घराकडे. तोटीचा मान, जो सर्वांत मोठा, तो सयाजीच्या घराकडे. एका कंपनीतले सुरक्षा अधिकारी दलाला शिकवायला आले होते. "जो सर्वांत जवळ असेल त्याने तोटी धरावी," असे त्यांनी तीनतीनदा सांगितले. सर्वांनी आदराने माना डोलावल्या. साहेबांची गाडी वळणापलीकडे गेल्यावर चिमाजी म्हणाला, "सायेब बाहेरगावचे. त्यान्ला काय ठावं."

नानांना तेव्हाच बोलायला हवे होते. ते बोलले नाहीत, कारण नारळाचा मान त्यांनाही सुखावत होता.

गावाच्या कडेला रंभाबाईंची खाणावळ होती. बाई बीडकडच्या, पती निवर्तल्यावर इकडे आलेल्या. शिफ्टला जाणारी पोरे त्यांच्याकडे जेवत. चुलीला कंपन्यांतून टाकून दिलेल्या पॅलेटच्या फळ्या लागत आणि त्यांची चळत स्वयंपाकघराच्या मागे छपराला भिडलेली असे. "एक दिवस गाव जाळंल ही बाई," असे सयाजी भर सभेत म्हणाला आणि खाणावळ उठवावी अशी त्याने मागणी केली. नानांनी मध्यस्थी केली. "दल आहे ना आपलं? मी शब्द देतो. तिथं ठिणगी पडली तर दल ती विझवेल." तेव्हा सयाजीने अट घातली: आग लागली आणि दलाला ती आवरली नाही, तर बाईंनी जागा सोडायची. नानांनी ती मान्य केली. त्या सभेत रंभाबाई कोपऱ्यात उभ्या होत्या. जाताना एवढेच म्हणाल्या, "नाना, तुमच्या शब्दावर राह्यलेय मी. दुसरीकडं जायला जागा नाही मला."

वैशाखातल्या एका दुपारी चुलीतला निखारा उडाला आणि चळतीने पेट घेतला.

चिमाजीने भोंगा वाजवला. मान त्याचाच असल्याने तो थांबवण्याची त्याला घाई नव्हती. नाना धावत टँकरपाशी आले. नारळ फोडायचा होता. नारळ बोनेटवर आपटला, बोनेट चेपले, नारळ शाबूत राहिला. दुसऱ्यांदा आपटला तेव्हा तो निसटून गटारात गेला. तो काढून, धुऊन, तिसऱ्यांदा आपटल्यावर फुटला. रोहिदासने किल्ली फिरवली आणि टँकर खाणावळीपुढे उभा राहिला. तिथवर सगळे जवळजवळ नीट झाले होते.

"तोटी धरा," नाना म्हणाले.

कोणी हलले नाही.

"सयाजी कुठंय?"

"भोसरीला," रोहिदास म्हणाला. "वर्कशॉपात गेलाय. त्याचा भाऊ सासुरवाडीला."

फोन लावला गेला. सयाजीचा आवाज सर्वांना ऐकू गेला. "निघालोच मी. तोवर तोटीला कुनी हात लावायचा न्हाई. नाना, तुमी हाय ना तिथं? ध्यान द्या."

पॅलेटच्या फळ्या तडतडत होत्या. जाळ छपराच्या पत्र्याला चाटू लागला. तोटी नानांच्या पायाशी पडली होती. त्यांनी हात पुढे केला.

"नाना," चिमाजी हलक्या आवाजात म्हणाला, "तुमच्या नारळाला आमी कंदी हात लावतो का?"

नानांचा हात तिथेच थांबला. फोरमन असताना त्यांनी मोठमोठ्या यंत्रांत निःशंक हात घातले होते. या पितळेच्या वीतभर तुकड्यापुढे मात्र त्यांची बोटे वळली नाहीत. हा प्रसंग आठवला की ते अजूनही पाणी मागतात.

"काय बघायलाव?" रंभाबाई दारातून म्हणाल्या. "देवदर्शनाला आलाव का?"

"मानकरी येतोय, बाई," रोहिदास म्हणाला.

"मग मानकऱ्यालाच सांगा, आगीला म्हणावं दम धर."

एवढे बोलून त्या आत गेल्या. प्रथम भांडी विसळायच्या पाण्याचे पिंप ओढत आणले आणि हाताखालच्या दोघी बायकांसह चळतीवर रिते केले. मग ताकाचा हंडा. शेवटी संध्याकाळच्या शिफ्टसाठी केलेल्या आमटीचे भले मोठे पातेले. लसणाच्या फोडणीचा वास साऱ्या गावात पसरला आणि आग विझली. दल रांगेत उभे राहून हे पाहत होते. एकाने नकळत टोपी काढली.

त्यानंतर सयाजी आला. मोटरसायकल टाकून तो सरळ तोटीकडे गेला.

"विझली रे," नाना म्हणाले.

"वरनं विझली. आतनं धुमसत आसंल." या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. "रोहिदास, सोड पानी."

तोटीला मानकरी मिळाला होता. पण मानकऱ्याने पूर्ण दाबाचे पाणी आजवर हाती धरले नव्हते. पाइप फुगला, वळवळला, आणि सयाजीला घेऊन डावीकडे वळला. डावीकडे स्वयंपाकघर होते. बाजरीच्या पिठाचे डबे, परातीतली कणीक, तांदळाची पोती, टोपल्यातल्या भाकऱ्या, सर्वांना सारखे पाणी मिळाले. "बंद कर," असे सयाजी ओरडत होता. परंतु भोंग्याचा मान असलेल्या चिमाजीने त्या क्षणी भोंगा पुन्हा सुरू केल्याने रोहिदासला ते ऐकू गेले नाही. टँकर रिकामा झाला तेव्हाच पाणी थांबले.

त्या संध्याकाळी नानांच्या घरी पत्नीने आणि सुनेने खाणावळीच्या भाकऱ्या थापल्या. नाना स्वतः त्या पोहोचवायला गेले. रंभाबाईंनी टोपली घेतली, भाकऱ्या मोजल्या आणि दार लावून घेतले. त्या रात्री नानांना जेवण गेले नाही.

दुसऱ्या दिवशी ग्रामसभा भरली. दलाने पहिली आग आवरली म्हणून सयाजीला शाल आणि श्रीफळ द्यायचे ठरले होते. नाना पेचात पडले. खरे सांगावे तर दलाला आग आवरली नाही असे ठरते आणि बाईंची जागा जाते. गप्प राहावे तर जागा राहते, आणि ज्या बाईने आग विझवली तिलाच दुसऱ्याच्या गळ्यात शाल पडताना पाहावी लागते. शाल सयाजीच्या खांद्यावर पडली आणि रंभाबाईंना दोन शब्द बोलायला सांगितले. त्या उठल्या.

"सयाजीरावांचे लई उपकार. आग तर इझलीच, माझं पीठबी त्यांनी इझवलं."

हसू प्रथम मागच्या रांगेत फुटले आणि पुढे आले. नाना उठले. "आग बाईंनी विझवली," ते म्हणाले. "आम्ही मानकऱ्याची वाट बघत उभे होतो. तोटी माझ्या पायाशी होती. मी उचलली नाही."

हसू थांबले. चिमाजी हळूच म्हणाला, "मग अट मोडली की, नाना."

सयाजी खांद्यावरची शाल चाचपत उभा होता. कानापर्यंत लाल झाला होता. अखेरीस घसा खाकरून तो म्हणाला, "अट मी घातली व्हती. आग दलानं आवरायची, असं म्हनलो व्हतो. तर मग रंभाताईंना दलात घ्या. कालच्या तारखेपासनं."

ठराव एकमताने संमत झाला. सयाजीने शाल काढली आणि रंभाबाईंपुढे धरली.

"ताई, मान कशाचा देऊ तुमास्नी? तोटीचा घ्या."

"मान नगं मला," रंभाबाई म्हणाल्या. "चार बादल्या द्या. अन् वाळूचं एक पोतं."

बादल्या आल्या. खाणावळीच्या भिंतीवर त्या ओळीने टांगल्या आहेत, आणि प्रत्येकीवर तांबड्या रंगात एकेका भावकीचे आडनाव लिहिले आहे, कारण बादलीचा मान कोणाचा यावर पुन्हा सभा बसली होती. रंभाबाई मात्र हाताला येईल ती बादली घेतात. बहुतेक वेळा तीत डाळ भिजत घातलेली असते.

त्या छपराखालच्या चुली शांतपणे पेटत राहोत. त्या बाईंच्या हाताला यश असो. नानांना, सयाजीला, भोंग्याला आणि किल्लीला दीर्घायुष्य लाभो, आणि त्या पितळी तोटीला गंज चढेपर्यंत तिच्यावाचून कोणाचे काही न अडो.