निळ्या झाकणाचा चौकोन

त्वचेचा रंग ओळखावा तो मीच! काळे डाग फिकट करणारी औषधं तपासणाऱ्या आमच्या प्रयोगशाळेत माझ्या नजरेला तोड नाही, हे मी घरीदारी सांगत असतो. घरात कोणी ऐकत नाही, तो भाग वेगळा.

यंदा विभागप्रमुखाची खुर्ची अगदी हातातोंडाशी आली होती. एक चाचणी तेवढी नीट पार पडायला हवी होती. नेमकं ऐन वेळी औषध लावून घेणाऱ्या एकाने अंग काढून घेतलं, म्हणून मी सासऱ्यांना तयार केलं. निवृत्त माणूस, दिवसभर बागेत, आणि शब्दाचा पक्का!

त्यांच्या हातावर मी चार चौकोन आखले आणि प्रत्येकावर लावायला एक, अशा चार रंगांच्या झाकणांच्या डब्या दिल्या. कुठल्या डबीत औषध आणि कुठल्या डब्यांत नुसतं मलम, हे फक्त आमच्या संचालिका मॅडमना ठाऊक. तपासणाऱ्याला कळू द्यायचं नाही, अशी शिस्तच असते. पण माझं मन सांगत होतं, निळीच!

"बाबा, या निळ्याच्या चौकोनाला जपा हं," मी हळूच म्हणालो. "माझी खुर्ची त्यावर आहे."

"जावईबापू, निर्धास्त राहा!"

महिन्याभराने मॅडमसमोर त्यांनी बाही वर केली. हात उन्हाने रापलेला, हिरव्याचा चौकोन किंचित फिका, आणि निळ्याचा कसा लख्ख! रंग मोजणाऱ्या यंत्रानेही तेच दाखवलं. मी लगेच बायकोला फोन केला, "अगं, खुर्ची आली!"

मॅडमनी चष्मा काढला. "औषध हिरव्या डबीत होतं. निळीत नुसतं मलम. मलमच जिंकत असेल, तर औषध गुंडाळावं लागेल."

मी सासऱ्यांकडे वळलो. "बाबा, तुम्ही तिथे दुसरं काही लावलंत?"

"छे! उलट माती लागू नये म्हणून बागेत जाताना रोज त्यावर घड्याळ बांधायचो." त्यांनी खिशातून चौकोनी घड्याळ काढलं आणि त्या जागी ठेवलं. तंतोतंत बसलं!

"पण त्याच चौकोनावर का?" मॅडमनी विचारलं.

मी डोळ्यांनी खुणावत होतो. पण सासरे पडले सरळमार्गी!

"जावईबापूच म्हणाले, निळ्याला जपा, त्यावर माझी खुर्ची आहे."

"म्हणजे औषध वाचलं," मॅडम शांतपणे म्हणाल्या.

विभागप्रमुख दुसरंच कोणी झालं. सासऱ्यांना इतकं वाईट वाटलं, की ते घड्याळ त्यांनी मलाच देऊन टाकलं. मी ते रोज बांधतो. खुर्ची जुनीच आहे, पण मनगटावरचा एक चौकोन हल्ली फार छान उजळलाय!