त्याच किमतीत यापेक्षा चांगला

माणसाच्या आयुष्यात पूर्ण विचारांती घ्यावा असा निर्णय एकच असतो. लग्न, घर, धंदा या गोष्टी होऊन जातात. पुढे सवडीने माणूस त्यांना निर्णय म्हणू लागतो. खरा विचार लागतो तो कमी पैशांत चांगला फोन घेताना. हे तत्त्व चष्मेवाल्यांनी शोधून काढलेलं नाही. त्यांनी ते फक्त मनापासून पाळलं.

चष्मेवाल्यांचं खाली दुकान आणि वर घर. दिवसभर काम एकच. समोरच्याच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवायची, एक काच काढून दुसरी घालायची आणि विचारायचं, "आता स्पष्ट दिसतं, की आधी दिसत होतं?" बहुतेक गिऱ्हाइकं इथे घुटमळतात. "दोन्ही सारखंच वाटतंय हो. पहिली परत दाखवा ना." असल्या गिऱ्हाइकांचा चष्मेवाल्यांना मनस्वी राग. ज्याला दोन काचांतली एक निवडता येत नाही तो संसार कसा करत असेल, असं ते जेवताना विचारत. बायको ऐकून घेई. ती मोटार चालवायला शिकवायची, आणि ब्रेक दाबावा की न दाबावा यावर सखोल विचार करणारी माणसं तिनेही पाहिली होती. (शिकवण्याच्या गाडीचा पुढचा बंपर त्यामुळे कायम नवा असे.)

चष्मे धुवायचं एक लहानसं यंत्र असतं. डबीभर पाणी, आणि बटण दाबलं की ते थरथरतं. एका सकाळी चष्मेवाले त्यात डोकावले आणि खिशातला फोन आत पडला. बाहेर काढला तेव्हा तो घेतल्या दिवसापेक्षा चकचकीत होता. चालतही होता. बिघडला तेवढा समोरचा कॅमेरा. त्याच्या आत कायमचा दमटपणा जाऊन बसला.

याचा शोध आईने लावला. आई ताईकडे राहायची, रात्रभराच्या प्रवासाइतकी लांब, आणि रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करायची.

"तुमच्याकडे धुकं पडलंय का रे?" तिने विचारलं.

"धुकं नाही आई. तुझा मोतीबिंदू आहे तो."

"मोतीबिंदू आहेच. पण ताई मला बरी दिसते. तूच भुतासारखा दिसतोस. फोन बदल."

"तू डोळा दाखव आधी."

(दोघांचंही म्हणणं खरं असल्याने हा वाद पुष्कळ दिवस टिकला.)

शेवटी दोन्हीकडे एकदमच कार्यवाही सुरू झाली. आईने डोळा दाखवला, चष्मेवाल्यांनी फोन बघायला घेतले.

ज्याने हे काम केलेलं नाही त्याला वाटतं की दुकानात जायचं, फोन घ्यायचा, घरी यायचं. अशाच लोकांमुळे वाईट फोन खपतात. चष्मेवाल्यांनी आधी अभ्यास केला. एक तरुण रोज नवं खोकं उघडून "मित्रांनो, या किमतीत हा फोन म्हणजे वेडेपणा आहे" असं सांगायचा. त्याचे सगळे व्हिडिओ त्यांनी पाहिले. दुसऱ्या दिवशी त्याच किमतीत त्याहून मोठा वेडेपणा निघे. मग ते लोकांचे अभिप्राय वाचू लागले. पाच तारे देणाऱ्यांपैकी निम्म्यांनी खोकं अजून उघडलेलं नव्हतं. एक तारा देणाऱ्यांपैकी निम्म्यांचा राग फोनवर नसून तो आणून देणाऱ्या माणसावर होता. उरलेल्या मंडळींचं मत 'ठीक आहे' असं होतं, आणि ते कशाबद्दल याचा उलगडा होत नव्हता.

हळूहळू त्यांना मेगापिक्सेल तोंडपाठ झाले. दुकानातला अक्षरांचा तक्ता उलटा करून त्याच्या पाठीवर त्यांनी फोनांची तुलना लिहिली, आणि एकदा तो सरळ करायचं विसरले. डोळे तपासायला आलेल्या बाईंनी बॅटरी, वजन आणि काचेची जाडी खालच्या ओळीपर्यंत न अडखळता वाचली. "तिसऱ्या ओळीतला बरा वाटतो," असं सांगून त्या नंबर न काढताच निघून गेल्या. पुढच्या गिऱ्हाइकाला सहावी ओळ पसंत पडली. चष्मेवाल्यांनी दोन्ही मतं नोंदली. चष्म्यांचा खप त्या काळात थोडा उतरला, पण दुकानात वर्दळ कधी नव्हे एवढी वाढली.

मेहुणा या विषयातला जाणकार. तो म्हणाला, "भावोजी, आता घेऊ नका. थोडं थांबा, किमती पडतायत." त्याच्या शब्दाला वजन होतं. तो स्वतः गेली कित्येक वर्षं योग्य वेळेची वाट बघत बटणांचा फोन वापरत होता.

इकडे आईच्या ऑपरेशनचा दिवस ठरला. ताईने फोनवर सांगितलं की डॉक्टरांनी आईपुढे तीन प्रकारची भिंगं ठेवली, प्रत्येकाचे फायदे समजावून सांगितले आणि घरी जाऊन विचार करा म्हणाले. आई म्हणाली, "ज्यातून दिसतं ते बसवा." आणि पर्स उचलून उठली.

चष्मेवाल्यांना रात्रभर चैन पडेना. "एवढा मोठा निर्णय, आणि कुणाला काही विचारलं नाही," ते बायकोला म्हणाले. "जन्मभर डोळ्यात राहणार आहे ते. बदलून मिळत नाही."

"तुम्ही जाऊन या ना तिकडे," बायको म्हणाली. "एव्हाना दोनदा जाऊन आला असता."

"जाणारच आहे. फोन घेतला की निघालोच. तिकीट फोनवर काढायचं, पोचल्यावर फोन करायचा, आईबरोबर फोटो काढायचा. फोनशिवाय जाऊन मी करू काय तिथे?"

"आईला भेटा."

हा मुद्दा फारच मोघम असल्याने चष्मेवाल्यांनी त्यावर चर्चा वाढवली नाही.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघणार होती. आईने निरोप धाडला की पट्टी काढली की पहिल्यांदा मला तुझं तोंड दाखव, आणि धुक्यातलं नको. आता मात्र टाळाटाळ शक्य नव्हती. पट्टी निघायच्या सकाळी चष्मेवाले दुकान बंद ठेवून मोबाईलच्या दुकानात जाऊन बसले.

काउंटरवरच्या मुलीने पुढ्यात दोन फोन ठेवले. दोन्ही त्यांच्या बजेटातले, दोन्ही काळे. चष्मेवाल्यांनी एकात तोंड पाहिलं, मग दुसऱ्यात पाहिलं.

"पहिला परत दाखव," ते म्हणाले.

तिने दाखवला.

"आता दुसरा."

तिने तोही दाखवला. असं बराच वेळ चाललं. मागे दोन गिऱ्हाइकं आली आणि पाहिजे ते घेऊन गेली.

"काका, दोन्ही सारखेच आहेत," मुलगी म्हणाली.

"सारखं काही नसतं," चष्मेवाले म्हणाले. "यात माझं कपाळ मोठं दिसतंय."

मुलीने वर पाहिलं आणि सांगायचं ते सांगितलं नाही. तिची विक्री चांगली चालायची, ती बहुधा यामुळेच.

एवढ्यात शिकवण्याची गाडी दुकानासमोर येऊन तिरकी उभी राहिली. चाकामागे घामाघूम शिकाऊ होता. बायको खाली उतरली, आत आली आणि आपला फोन तिने नवऱ्याच्या हातात दिला. हा फोन तिने रंग आवडला म्हणून घेतला होता, आणि त्याच्या काचेला कोपऱ्यात तडा होता.

"ताईचा कॉल आहे. आई आहे समोर."

चष्मेवाल्यांच्या पुढ्यात दोन नवे फोन होते, आणि तडा गेलेल्या काचेत आई दिसत होती. ऑपरेशनच्या डोळ्यावर ना काळा चष्मा ना पट्टी, डोळा लालसर, पण टक्क उघडा. ती नुसती बघत राहिली.

"दिसतं का आई?" चष्मेवाल्यांनी विचारलं. रोज शंभरदा विचारायचा प्रश्न, पण आज पुढचं 'की आधी दिसत होतं?' त्यांनी विचारलं नाही.

"दिसतं. तू एवढा पिकलास कधी रे?"

"झाली असतील दोन-तीन वर्षं."

"मला कुणी बोललं नाही. आणि डोळ्यांखाली ते काय? झोपत नाहीस?"

"फोन बघत होतो आई. रात्री जरा उशीर होतो."

"सापडला?"

"दोनांवर आलोय."

"बरं." तिने तोंड फोनजवळ आणलं. "कपाळ अगदी बाबांसारखं झालंय तुझं. मला इतके दिवस ते धुकंच वाटत होतं." मग म्हणाली, "येतोस कधी?"

"हा फोन घेतला की..."

"त्याचं काय करायचंय? मला दिसतं आता. नुसता ये."

चष्मेवाल्यांनी मान हलवली. त्यांना बोलायचं होतं, पण काउंटरवरची मुलगी बघत होती, बाहेरून शिकाऊही बघत होता. त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. व्यवसायाने चष्मेवाले असल्याने त्यात कुणाला वावगं वाटलं नाही.

बायकोने तिथेच उभ्याउभ्या रात्रीच्या गाडीचं तिकीट काढलं. रात्री गाडीत बसताना तिने एक पिशवी नवऱ्याच्या हातात दिली. दुकानातून निघताना बायकोने पैसे दिले होते आणि मुलीने त्या दोघांतला एक फोन पिशवीत टाकला होता. कोणता, हे बायकोने विचारलं नव्हतं आणि मुलीने सांगितलं नव्हतं. चष्मेवाल्यांनी खोकं दोन दिवसांनी उघडलं, आई फोटो काढ म्हणाली तेव्हा. फोटो चांगला आला. आईचं म्हणणं पडलं की चेहरा ठीक आहे, शर्ट इस्त्रीचा हवा होता.

आठवड्याभरात त्या फोनची किंमत उतरली. हे कळवायला मेहुण्याने मुद्दाम फोन केला. त्याचा आवाज अतिशय स्पष्ट आला.

या फोनचं नाव इथे जाणूनबुजून दिलेलं नाही. दिलं असतं तर ही कथा अर्धवट टाकून तुम्ही ते शोधायला गेला असता, त्याखाली त्याच किमतीत यापेक्षा चांगली सहा नावं दिसली असती, त्यांतली चार तुम्ही उघडून पाहिली असती, आणि सकाळी तुमच्या आईचा जो फोन येऊन गेला तो परत करायचा राहूनच गेला असता. (नाव दिलेलं नाही, तरीही तो राहिलेला आहे, ही गोष्ट वेगळी.)